स्टुलास लेप देणेबाबत

साखळी लांब करा, असं सांगणारे तुम्ही पहिले नसाल, म्हणून ते आधीच सांगून टाकते. आमच्या माजघराच्या वाशाला पितळेचा लामणदिवा टांगलेला आहे. सासूबाईंच्या सासूबाईंचा. दिवेलागणीला तो आपल्या हाताने लावायचा, हे माझं रोजचं व्रत. साखळी लांब केली तर दिवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर कपाळाशी येतो. एकदा केली होती. त्या आठवड्यात पोस्टमन, गॅसवाला आणि माझा सख्खा भाऊ अशा तिघांच्या कपाळावर पितळी मोराची चोच उमटली. भाऊ अजून आमच्याकडे आला की उंबऱ्यातच वाकतो. लोकांना वाटतं, देवाला वाकतोय.

तर दिवा उंच आणि मी ठेंगणी. चौतीस वर्षं याची काही अडचण पडली नाही, कारण आमचे हे उंच होते. संध्याकाळी हे दिवा हुकावरून काढून माझ्यासमोर धरायचे, मी तेल घालून वात लावायची, हे पुन्हा टांगायचे. टांगताना विचारायचे, "झालां?" मी म्हणायची, "झालां." संबंध दिवसात आमचं तेवढंच बोलणं झालं, असेही पुष्कळ दिवस गेले. पण ते झालंच.

मग यांचा खांदा धरला. हात वर जाईना. वैभववाडीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याने वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या काढून आणल्या आणि माझ्यासाठी दोन पायऱ्यांचं स्टूल करायला घेतलं. हयातभर कागदावर काम केलेलं. लाकडाने त्यांना काही लवकर ओळख दाखवली नाही. पण सहा महिन्यांनी स्टूल उभं राहिलं, आणि एक पाय सोडला तर सगळे पाय जमिनीला टेकत होते. त्या एका पायाखाली यांनी जुन्या परिपत्रकाची घडी ठेवली. अजून आहे.

राहिला फक्त लेप. लाकूड कच्चं ठेवलं तर बुरशी धरणार, गुळगुळीत केलं तर पाय घसरणार, तेव्हा सर्व बाजूंनी विचार व्हायला हवा, असं म्हणून यांनी चक्क फाइल उघडली. वर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला : फणसाच्या दोन पायऱ्यांच्या स्टुलास टिकाऊ व न घसरणारा लेप देणेबाबत. मी मधूनमधून विचारायची, "काय ठरलां?" हे चष्म्यावरून बघून म्हणायचे, "विचाराधीन आसा."

विचाराधीन असतानाच हे गेले. या कार्तिकात दोन वर्षं झाली. फाइल मी ट्रंकेत ठेवली. एकदा उघडली होती, पण विषय वाचेपर्यंतच डोळ्यांत धूळ गेली, म्हणून मिटली.

स्टूल कच्चंच वापरत होते. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी मी त्यावरून पडले. पडले असं मी म्हणत नाही. बसले. जरा घाईने, आणि जमिनीवर. लागलं काही नाही, पण शेजारच्या सुगंधाने खिडकीतून पाहिलं, आणि मी उठून पदर सारखा करायच्या आत पुण्याहून माझ्या मुलाचा, यज्ञेशचा, फोन आला.

"आये, पडलस?"

"बसलंय रे."

"सुगंधाकाकी म्हणता पडलस. ह्या बग, माका हयसर झोप लागणा नाय. जत्रेक येतंय तेवा विजेची समई घेवन येतंय. बटण दाबलां की झालां."

"बटण दाबणां म्हणजे दिवो लावणां नाय रे बाबा."

"मगे त्या स्टुलाचा काय ता कर. जत्रेपर्यंत तू तेच्यारसून घसरूचस नाय असा झालां तर बरां. नायतर लामणदिवो उतरलो, समजलंस?"

मी आवाज चढवून बोलत नाही. "बरां," म्हणाले आणि फोन ठेवला. जत्रेला सव्वा महिना होता. माझ्या व्रताचा निकाल आता एका लाकडी फळीवर लागणार होता.

पहिला सल्ला अर्थातच सुगंधाचा. ती आली तीच भिरंडेलाची वाटी घेऊन. कोकमाच्या बियांचं ते तेल, थंडीत गोळा होतं, पायांच्या भेगांना आम्ही लावतो. "वैनी, टाचेच्या भेगो बुजतत तर लाकडाच्यो बुजाच्यो नाय?" तिच्या बोलण्यात तथ्य वाटलं. आम्ही दोघींनी स्टूल तुळशीसमोर उन्हात ठेवून प्रेमाने चोळलं. काय चकाकी आली! यांनी पाहिलं असतं तर फाइलीत नोंद केली असती. मांजर नेहमीप्रमाणे वरच्या पायरीवर झोपायला चढलं आणि झोपलेल्या स्थितीतच पलीकडून खाली उतरलं. त्याने मागे वळून आमच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. त्या मांजराने नंतर आठ दिवस सुगंधाच्या हातचं दूध घेतलं नाही.

मग कुस्तोदियो आला. आमच्या कुंपणापलीकडे याचं घर. होड्या दुरुस्त करणारा, सत्तरीचा माणूस. यांच्याशी पत्त्यांत भांडायचा आणि गुडफ्रायडेला न चुकता आमच्याकडून शेवग्याच्या शेंगा न्यायचा. त्याने स्टुलावर बोट फिरवून वास घेतला. "वैनी, ह्यां स्टूल की सोलकढी?"

"सुगंधान सांगलां."

"सुगंधा होडयेत बसल्या कदी? लाकडाचां लाकूडवाल्याक इचारूचां." त्याने रंधा आणून वरचा तेलकट थर काढून टाकला. स्टूल बोटभर बुटकं झालं. मी मनातल्या मनात हुकाकडे बघितलं. प्रत्येक सल्ल्याला बोटभर, या हिशेबाने जत्रेपर्यंत मी पाटावर आले असते.

"आता काजीच्या टरफलाचां तेल लावया. होडयेक लायतत तां. पन्नास वर्सां कीड लागाची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुंपणावरून डबा दिला. आता इथे माझीच चूक झाली, आणि ती लपवत नाही. सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालून जप होईपर्यंत मी मौन पाळते. हे गावाला माहीत आहे. कुस्तोदियोलाही माहीत आहे, पण मौनातल्या माणसाला काही विचारायचं नसतं, हे तो दर वेळी विसरतो.

"वैनी, हातमोजे आसत मां?"

मी मान हलवली. म्हणजे मला म्हणायचं होतं, देव तुझं बरं करो.

"उगड्या हातान लाव नकात हां. चामडी जाता."

मी पुन्हा मान हलवली. त्या वेळी माझ्या जपमाळेचा शहाण्णवावा मणी चालू होता, शब्द कानावर आले पण आत गेले नाहीत. जप झाल्यावर मी जुन्या लुगड्याचा बोळा घेतला आणि मनोभावे, रामनाम घेत, उघड्या हाताने दोन लेप दिले.

बोटांची सालं जायला चार दिवस लागले. स्टुलाचं म्हणाल तर ते घसरत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण वाळतही नव्हतं. सुगंधाने "बगूया तरी" म्हणून पायरीवर पाय ठेवला. पाय वर आला, चप्पल आली नाही. चप्पल ओढली तर स्टूल आलं. सुगंधा एका पायाने लंगडत घरी गेली, आणि ती चप्पल तीन दिवस आमच्या ओसरीवर स्टुलाला चिकटून होती. आलेले लोक विचारायचे, "वैनी, ह्यां कसला नवस?"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नोव्हेंबर होता, आणि नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्या बायकांना आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. बाजारातल्या सेवा केंद्रात गेले. तिथली रिया आमच्या वाडीतलीच, पण खुर्चीवर बसली की शुद्ध बोलते.

"आजी, अंगठा ठेवा."

ठेवला. यंत्र लाल झालं.

"तर्जनी ठेवा." लाल. "मधलं बोट." लाल. दहाही बोटं झाली. मागे रांग लागलेली. रिया हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही जुळत नाही आहात."

"कोणाशी?"

"तुमच्याशी."

माझ्या मागचे एक गृहस्थ समजुतीने म्हणाले, "असां होता गो कदीकदी." त्यांना काय होतं म्हणायचं होतं, हे मी विचारलं नाही. छप्पन वर्षं एकादशी केलेली बाई, आणि आहे की नाही याचा पुरावा नाही. रिया माझी बोटं बघून एकदम आपल्या भाषेत आली, "आजी गो, ह्यां काय केलंस? भाजलंस?"

"स्टुलाक तेल लावलंय."

तिने तोंडावर हात धरला. मग दुसरं यंत्र काढलं आणि डोळ्यांकडे बघायला लावलं. "हलू नका. डोळे मिटू नका." देवासमोर मिटायची सवय, तीन वेळा मिटले गेले. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला आणि मी कागदोपत्री जिवंत झाले. रांगेतल्या माणसांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून घरी आले.

ओशाळलेला कुस्तोदियो पुन्हा रंधा घेऊन आला. आणखी बोटभर गेलं. "वैनी, आता माज्यार सोडा. होडयेच्या नाळेर, फुडल्या टोकार, आमी वार्निश मारतो आणि ओल्यातच बारीक वाळू पेरतो. दर्यात वादळ आसलां तरी पाय हलणा नाय. तुमी हात लाव नकात. मान पण हलव नकात."

चार दिवस स्टूल त्याच्या पडवीत होतं. आणलं तेव्हा बघतच राहिले. मधासारखा रंग, वर वाळूचा बारीक, एकसारखा खरखरीतपणा. तळव्याला लागेल पण टोचणार नाही असा. यांच्या मनातलं हेच असणार, असं वाटलं. मी पाय धुऊन आले, उजवा पाय उचलला, आणि कुस्तोदियो अभिमानाने म्हणाला, "आणि वैनी, साधी वाळू नाय हां ती. होडयेच्या कामाक कुणकेश्वराक गेल्लंय. तुमी देवाची माणसां, म्हणान देवळाच्या समोरची आणलंय. सात पाण्यान धुवन."

माझा पाय हवेत राहिला. मग खाली आला, स्टुलाच्या बाजूला. आपोआप हात जोडले गेले.

"काय झालां?"

"कुणकेश्वराची वाळू रे ती. तेच्यार पाय कसो ठेवू?"

"पण कुणकेश्वराक गेल्यार लोक वाळयेरसूनच चलतत मां?"

"थंय ती आपली आपण पडलेली आसता. ही तू आणलंस. श्रद्धेन आणलंस. आणलेली वाळू प्रसाद झाली."

कुस्तोदियोने वाळूवरून एकदा हात फिरवला. त्याचं तोंड बघवेना. ख्रिस्ती माणूस, माझ्या देवासाठी ओंजळभर वाळू सात पाण्याने धुऊन आणतो, आणि मी तिच्यावर पाय ठेवत नाही. पण ठेवला असता तर मला झोप लागली नसती. भटजींना फोन केला. ते म्हणाले, "वाळू वार्निशात बुडाली की विसर्जन झालं असं समजा." समजायचा प्रयत्न केला. समजलं नाही. तोवर सुगंधाने स्टुलाला हळदकुंकू वाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर जास्वंद ठेवली. वाडीतल्या दोघी दर्शनाला येऊन गेल्या. त्यातली एक खालच्या पायरीला डोकं टेकून म्हणाली, "जागृत आसा."

स्टूल देवघरात गेलं. दिवा मात्र रोज लावायचाच होता. मी घमेलं पालथं घालून त्यावर टाचा उंचावून उभी राहायची. जत्रेच्या तीन दिवस आधी, अशीच उभी असताना, दारात यज्ञेश.

"आये!"

घमेलं कलंडलं. मी वाशाखालच्या खांबाला धरलं म्हणून उभी राहिले. तो आत आला. बॅग ठेवली, तिच्यातून खोकं काढलं, खोक्यातून विजेची समई. पाच वातींच्या जागी पाच पिवळे दिवे, वाऱ्याशिवाय थरथरणारे. "फाल्यां निलेश वायरमनाक बोलावतंय," म्हणाला. "लामणदिवो उतरूया. बाबांनी माका सांगलेलां, आवशीक सांभाळ. तू पडलंस तर मी त्यांका काय सांगू?"

व्रत माझं होतं, पण भीती त्याची खरी होती. मी म्हटलं, "बाबांची फाइल आसा ट्रंकेत. स्टुलाची. ती वाच, मगे काय ता कर." का म्हटलं, ठाऊक नाही. दिवसभराची मुदत मिळावी, एवढंच असेल.

त्याने फाइल तिथेच जमिनीवर बसून उघडली. सुरुवातीला हसत वाचत होता.

"टिपणी एक. भिरंडेल. श्रीमती सुगंधा यांची सूचना येईलच. टाचांस उत्तम, लाकडास नामंजूर."

मी पदर तोंडाला लावला.

"टिपणी दोन. काजूच्या टरफलांचे तेल. अत्यंत टिकाऊ. तथापि, उघड्या हातास अपायकारक असून सौ. सकाळी मौनात असते व काहीही विचारले तरी मान हलवते. सबब नामंजूर." त्याने माझ्या बोटांकडे बघितलं. मी ती पदराखाली घेतली.

"टिपणी तीन. वार्निश व वाळू. तांत्रिकदृष्ट्या सर्वोत्तम. कुस्तोदियोकडून करून घ्यावे. मात्र वाळू कुठून आणली, हे सौ.स कळवू नये."

आता तो मोठ्याने हसला, मीही हसले. सगळं यांनी आधीच तपासून, शेरा मारून ठेवलं होतं, आणि मी ट्रंकेवर बसून सव्वा महिना गावाला विचारत फिरले.

पान उलटल्यावर मात्र त्याचा आवाज उतरला. "टिपणी चार. सौ. दिवेलागणीस पाय धुऊन, न पुसता, ओल्या पायांनीच दिव्याकडे जाते. चौतीस वर्षे पाहत आहे. कारण विचारलेले नाही. लेप ठरविण्यापूर्वी विचारणे आवश्यक." खाली लिहिलं होतं, 'सौ.चा अभिप्राय', पुढे दोन टिंबं, आणि मग अर्धं पान कोरं. तारीख होती. त्या तारखेनंतर हे नऊ दिवस होते.

यज्ञेशने फाइल माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "आये, पाय कित्या पुसणस नाय गो?"

खरं सांगते, हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. स्टुलाला काय लावावं हे साऱ्या वाडीने सांगितलं. त्यावर कसला पाय पडतो, हे यांच्याशिवाय कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

माझं माहेर पिंगुळीजवळचं. माझी आई सुंभ वळायची. नारळाची सोडणं चोंढ्यातल्या साचलेल्या पाण्यात भिजत घालायची, कुजली की बडवून काथ्या काढायचा आणि तळहातांवर वळत बसायचं. मी तिच्या शेजारी, पाय चिखलात. दिवस बुडायला आला की ती ओरडायची, "रुक्मिणी, धाव, दिवो लाव!" पाय खळबळून धावायचं. पुसायला थांबलं तर सूर्य थांबत नसे. ती म्हणायची, "पाय पुशीत बसलंस तर दिस बुडात." लग्न होऊन इथे आले, तरी पाय तसेच धावत राहिले. सारवलेल्या जमिनीवर माझी ओली पावलं उमटायची, वात लागेपर्यंत सुकून जायची. मग यज्ञेशने फरश्या घातल्या. त्यांच्यावर ती सुकत नाहीत. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चूक माजी?" मी म्हटलं, "फरशेची."

आणि बोलता बोलताच मला आठवलं, विहिरीचा दोर. ओला झाला की हाताला आणखी घट्ट धरतो. सुंभ कधी ओल्या हातातून निसटलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निलेश वायरमन आला नाही. त्याऐवजी यज्ञेशने बाजारातून काथ्या आणला, आणि मी ओसरीवर बसून सुंभ वळलं. सदतीस वर्षांनी. बोटांची नवी कातडी होती, पण वळायचं ते तळहातांनी, आणि तळहात काही विसरले नव्हते. पहिली वावभर दोरी वेडीवाकडी झाली, दुसरी आईसारखी झाली. कुस्तोदियोने ते दोन्ही पायऱ्यांवर शेजारी शेजारी घट्ट गुंडाळून खालून होडीची गाठ मारली. खालची खरखरीत वाळू सुंभाला तसूभर सरकू देईना. "वैनी, आता पाय कुणकेश्वरार पडणा नाय," तो म्हणाला. "मदी तुमचां सुंभ आसा. देवाक आसन घातलास असां समजा." हे मला समजलं. भटजींपेक्षा बरं समजलं. सुंभाच्या जाडीने गेलेली उंचीही थोडी परत मिळाली.

जत्रेच्या संध्याकाळी मी पाय धुतले. पुसले नाहीत. यज्ञेश बाजूला उभा, हात पुढे धरून, मी पडले तर झेलायला. मी चढले. सुंभाने तळव्यांतलं पाणी पिऊन घेतलं आणि पाय धरून ठेवला. तेल घातलं, वात लावली. खालून यज्ञेश म्हणाला, "झालां?"

मी पितळी मोरावरचा तेलाचा थेंब पदराने पुसला. मग म्हणाले, "झालां."

तो जाताना विजेची समई कुस्तोदियोला देऊन गेला, नाताळच्या गोठ्यात लावायला. मी फाइल काढली आणि कोऱ्या जागेत लिहिलं : पाय ओले असतात. सुंभ चालेल. खाली सही केली, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालत होते. कुंपणावरून कुस्तोदियोने हाक मारली. "वैनी, स्टूल घसरणा नाय मां आता?"

मी मान हलवली. दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. ही मान त्याने कशी घेतली असेल? परत वळले, कुंपणापाशी गेले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा जपाच्या आधी तोंड उघडून स्पष्ट सांगितलं, "घसरणा नाय रे. बरां झालां."

मोडलेल्या मौनाला प्रायश्चित्त काय घ्यावं, हे अजून ठरलेलं नाही. विचाराधीन आहे.